लोगोतल्या आकाराला टेक्स्चर : फोटो चिकटवायचा की भोकं पाडायची?

श्रावण लागला की मुंबईतल्या स्क्रीन प्रिंटिंगच्या गाळ्यांमध्ये गोविंदा पथकांच्या टी-शर्टांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यासोबत एक मागणी हमखास असते : "लोगोला जरा रफ लुक द्या, घासलेला वाटला पाहिजे." डिझाइन करणारा एखाद्या भिंतीचा फोटो आकारात बसवतो. स्क्रीनवर झकास दिसतं, पथकाच्या ग्रुपवर अंगठे पडतात. मग गाळ्यावरून फोन येतो की हे असं छापता येणार नाही. फोन आला तर नशीब म्हणायचं. नाही आला तर शर्टावर लोगोच्या जागी नुसता चिखल उमटतो.

सॉफ्टवेअरचा यात फारसा दोष नसतो. टेक्स्चर, म्हणजे चित्रकलेच्या वर्गात ज्याला पोत म्हणतात तो, आकारावर चढवण्याचे तीन वेगळे मार्ग आहेत आणि स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात आकार म्हणजे खिडकी आणि तिच्यामागे फोटो. दुसऱ्यात आकार जागोजागी पारदर्शक होतो. तिसऱ्यात आकाराला खरीखुरी भोकं पडतात. लोगोच्या कामात शेवटपर्यंत टिकतो तो तिसरा. पण पहिले दोन रोज वापरात असतात, म्हणून आधी ते.

खिडकी आणि फोटो

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये याला क्लिपिंग मास्क म्हणतात. फोटो खाली, आकार त्याच्यावर, दोन्ही निवडायचे आणि कंट्रोल + ७. इथे अडतं ते क्रमापाशी : कात्री होते ती नेहमी सर्वांत वरची वस्तू. आकार फोटोच्या खाली राहिला तर भलतंच कापलं जातं. दुसरी अडचण अक्षरांची. पाच सुटी अक्षरं निवडून कंट्रोल + ७ दाबलं, तर फक्त सर्वांत वरचं अक्षर खिडकी होतं आणि बाकीची गायब. म्हणून आधी अक्षरांच्या आउटलाइन करायच्या, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे साधे आकार (कंट्रोल + शिफ्ट + ओ), मग कंट्रोल + ८ दाबून सगळ्यांचा मिळून एक कंपाउंड पाथ करायचा आणि त्यानंतर क्लिप.

मुंबईच्या प्रेस आणि साइनबोर्डच्या गाळ्यांवर आजही कोरलड्रॉ या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं राज्य आहे. तिथे हेच काम पॉवरक्लिप करतं : फोटो निवडायचा, ऑब्जेक्ट मेनूतून पॉवरक्लिप, प्लेस इनसाइड फ्रेम, आणि बाण आला की आकारावर क्लिक. जुन्या आवृत्त्यांत हा पर्याय इफेक्ट्स मेनूत होता; मेनूत सापडत नसेल तर कारण बहुधा तेच. उजव्या बटणाने फोटो ओढून आकारावर सोडला तरी पॉवरक्लिपचा पर्याय पुढे येतो. फुकटच्या इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट मेनूत क्लिप आहे, आणि तिथेही वरचीच वस्तू कापते.

या मार्गाने आलेला पोत फोटोच असतो, त्यामुळे त्याला फोटोचे सगळे नियम लागू होतात. १० इंच रुंद छापायचं असेल आणि ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल, हवा असेल, तर फोटो ३००० पिक्सेल रुंद लागतो. ९०० पिक्सेलचा फोटो तिथे ताणला तर हातात उरतात ९० डीपीआय आणि पिक्सेलचे ठोकळे. इलस्ट्रेटरच्या लिंक्स पॅनलमध्ये पीपीआय म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. फोटोच्या मूळ डीपीआयकडे पाहण्यात वेळ घालवू नका. लांबून बघायच्या मोठ्या फ्लेक्सला प्रत्यक्ष मापात ७२ ते १०० डीपीआय चालतो, म्हणून फ्लेक्सवर खपून गेलेला लोगो व्हिजिटिंग कार्डावरही खपेल असं धरून चालू नये.

फोटोऐवजी पॅटर्न फिल वापरला तर ठोकळे दिसण्याचा त्रास वाचतो, पण दुसरा सुरू होतो. पॅटर्न म्हणजे एकच चौकोन पुन्हा पुन्हा. त्यात एखादा ठळक डाग असला की तो ठरावीक अंतराने डोळ्यात भरतो. साडीवर बुट्टी अशी आलेली शोभते, गंजलेल्या पत्र्यावर नाही. शिवाय लोगो लहानमोठा करताना पॅटर्नही सोबत बदलणार की नाही, हे प्रेफरन्सेसमधल्या ट्रान्सफॉर्म पॅटर्न टाइल्स या खुणेवर ठरतं. ती नसेल तर आकार लहान होतो आणि पोत आहे तेवढाच राहतो.

पारदर्शक मार्ग

ओपॅसिटी मास्क हा इलस्ट्रेटरमधला सर्वांत देखणा आणि सर्वांत गैरसमज झालेला प्रकार. आकारावर काळापांढरा पोत ठेवा, दोन्ही निवडा, ट्रान्स्परन्सी पॅनलमध्ये मेक मास्क दाबा. पोतात जिथे पांढरं तिथे आकार दिसतो, जिथे काळं तिथे नाहीसा होतो, राखाडी तिथे अर्धवट. उलटं हवं असेल तर इन्व्हर्ट मास्कवर खूण करा. पोताचा फोटो आकारापेक्षा लहान असेल तर आकाराच्या कडा कापल्या जातात. कारण क्लिप ही खूण सुरू असते आणि मास्कच्या बाहेरचं सगळं ती लपवते. ती काढा, नाहीतर पोत मोठा करा.

नवशिक्यांचा तास-तास खाणारी चूक मात्र वेगळीच आहे. मास्कच्या छोट्या चौकोनावर एकदा क्लिक झालं की तुम्ही मास्कच्या आत काम करत असता. मग काहीही काढा, दिसत नाही. फाइल बिघडली असं वाटतं. ट्रान्स्परन्सी पॅनलमधल्या डाव्या चौकोनावर, म्हणजे मूळ कलाकृतीच्या चित्रावर, क्लिक केलं की सगळं पूर्ववत.

मल्टिप्लाय, ओव्हरले हे ब्लेंड मोडही, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळण्याच्या रीतीही, याच घरातले. "काळ्या आकारावर टेक्स्चर दिसतच नाही" ही तक्रार त्यांचीच. मल्टिप्लाय गडद करतो, आणि काळ्याहून गडद काही नाही. ओव्हरले खालच्या रंगाच्या तालावर नाचतो. खाली ठार काळं किंवा शुभ्र पांढरं असलं की त्याच्या हातात काहीच उरत नाही. काळ्यावर पोत उमटवायचा तर स्क्रीन मोड लागतो, आणि तो काळ्याचा राखाडी करतो. म्हणजे एका रंगाची छपाई तिथेच संपली. ब्लेंड मोडची फाइल कोरलमध्ये उघडली की पारदर्शक भाग बऱ्याचदा बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचं चित्र, होऊन येतो, कधी त्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा पडतात. इफेक्ट मेनूतला ग्रेनही असाच. दिसायला व्हेक्टर, म्हणजे रेषांनी काढलेला, पण आतून पिक्सेल. त्याची जाडी डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंगवर ठरते. वेबसाठी उघडलेल्या फाइलमध्ये तिथे ७२ असतं. छपाईआधी ते ३०० केलं की दाणे बारीक होऊन सगळा पोतच बदलतो, आणि मंजूर झालेलं डिझाइन हे नव्हतंच, असं गिऱ्हाइकाने म्हटलं तर त्याची चूक नाही.

खरी भोकं

आता मुख्य काम. आपल्याला एकाच रंगाचा असा आकार हवा आहे, ज्यात पोत म्हणजे फक्त रिकाम्या जागा. असा लोगो कुठल्याही रंगात, कुठल्याही पार्श्वभूमीवर बसतो, कारण भोकातून जे दिसतं ते खालचं कापड किंवा कागद असतं.

सुरुवात फोटोपासून. नेटवरून उतरवलेलं टेक्स्चर टाळा. अनेक स्टॉक साइट्सच्या परवान्यात ते लोगोत वापरायला मनाई असते, आणि तेच टेक्स्चर आणखी कुणाच्या लोगोत आहे हे तुम्हाला कधीच कळत नाही. मुंबईत पोताला तोटा नाही. गेटवेचा पिवळा बेसॉल्ट आहे, कोळीवाड्यातल्या होडीवरचा खपल्या धरलेला रंग आहे, गल्लीतलं गंजलेलं शटर आहे. फक्त पोत दोन जातींचा असतो हे ध्यानात ठेवा. दगडासारखा उंचसखल पोत दिसायला प्रकाश पृष्ठभागाला घासून जावा लागतो : जमिनीवरच्या फरशीला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, उभ्या भिंतीला मात्र दुपारी वरून उतरणारं ऊन. पावसाळ्याच्या ढगाळ उजेडात दगड सपाट दिसतो. उलट उडालेला रंग, गंज, बुरशी यांचा पोत रंगफरकाचा असतो. त्याला ढगाळ दिवसच चांगला, सावल्या मध्ये येत नाहीत. आणखी सोपा मार्ग म्हणजे स्पंज काळ्या शाईत बुडवून कागदावर टिपायचा आणि ६०० डीपीआयला स्कॅन करायचा.

फोटो करडा करून थेट थ्रेशोल्ड लावला, म्हणजे प्रत्येक छटेला काळं किंवा पांढरं केलं, तर एक कोपरा पूर्ण काळा आणि दुसरा पूर्ण पांढरा होतो, कारण कुठल्याही फोटोत उजेड एका बाजूला जास्त असतो. यावर औषध म्हणजे हाय पास फिल्टर : फोटोशॉपमध्ये फिल्टर, अदर, हाय पास, फुकटच्या जिंपमध्ये तो फिल्टर्सच्या एन्हान्स गटात सापडतो. ३००० पिक्सेलच्या फोटोला २० ते ४० पिक्सेलची त्रिज्या पुरते. उजेडाचा चढउतार निघून जातो, फक्त दाणे राहतात. मग थ्रेशोल्ड. जे काळं राहील तेच पुढे भोक होणार आहे, हे मनात धरून स्लायडर हलवा; हवं ते उलटं दिसत असेल तर आत्ताच इन्व्हर्ट करा.

इथे थोडं गणित आहे आणि ते चुकवून चालत नाही. टी-शर्ट छापायच्या जाळीवर ४३ टी लिहिलेलं असेल तर एका सेंटिमीटरमध्ये ४३ धागे असतात, म्हणजे साधारण दर ०.२३ मिलिमीटरला एक धागा. दोन धाग्यांहून लहान ठिपका जाळीवर नीट धरत नाही, म्हणून खालची मर्यादा जवळपास अर्धा मिलिमीटर. ७७ टीच्या बारीक जाळीवर हीच मर्यादा पाव मिलिमीटरच्या आसपास येते, पण कापडात शाई पसरते आणि छोटी भोकं बुजवते, तेव्हा भोकं अर्ध्या मिलिमीटरच्या खाली न नेलेलीच बरी. आता लोगो २५० मिलिमीटर रुंद आणि फोटो ३००० पिक्सेल, तर एका मिलिमीटरला १२ पिक्सेल. अर्धा मिलिमीटर म्हणजे ६ पिक्सेल, आणि तेवढ्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ६ गुणिले ६, म्हणजे ३६ पिक्सेल. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये (फोटोवरून आकार काढणाऱ्या सोयीत) नॉइज नावाचा जो आकडा आहे तो नेमका हाच : इतक्या क्षेत्रफळाहून लहान डाग सोडून दे. म्हणून तिथे ३६ टाका. अंदाजाने स्लायडर सरकवण्यापेक्षा हे बरं.

बाकी पायऱ्या सरळ आहेत. इमेज ट्रेस काळ्यापांढऱ्या मोडमध्ये, पांढरा रंग वगळण्याची खूण सुरू, मग एक्स्पांड. मिळालेल्या तुकड्यांचा कंट्रोल + ८ ने एक कंपाउंड पाथ करा, तो आकाराच्या वर ठेवा, फिरवून-सरकवून चांगला भाग आकारावर आणा, दोन्ही निवडा आणि पाथफाइंडरमधलं मायनस फ्रंट दाबा, म्हणजे वरचा पोत खालच्या आकारातून वजा होतो. त्याआधी मूळ आकाराची एक प्रत आर्टबोर्डच्या बाहेर ठेवा. एकदा वजा झालेलं परत जोडता येत नाही. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप (शिफ्ट + ऑल्ट + बी), तिथे नॉइजचं काम स्पेकल्सचा आकडा करतो, मग पाथ मेनूतलं डिफरन्स. कोरलमध्ये बिटमॅप मेनूतून ट्रेस, मग ट्रिम : आधी पोत निवडायचा, मग शिफ्ट धरून आकार. शेवटी निवडलेली वस्तू कापली जाते, हा कोरलचा नियम. उलट क्रमाने निवडलं की लोगो शाबूत राहतो आणि पोताला लोगोच्या आकाराचं खिंडार पडतं.

कोरलवाल्यांसाठी एक आडवाट. ट्रेस न करता फोटो बिटमॅप मेनूतून एका बिटच्या काळ्यापांढऱ्या मोडमध्ये न्या. अशा बिटमॅपला रंगपट्टीवरून उजव्या क्लिकने शाईचा रंग देता येतो आणि डाव्या क्लिकने पार्श्वभूमीचा. डावा क्लिक फुलीवर केला तर पार्श्वभूमी पारदर्शक. कागदाच्या रंगात रंगवून तो आकारावर ठेवला की पोत तयार. प्रत्यक्ष मापात ६०० ते १२०० डीपीआय ठेवलं तर कडा सुबक येतात. झटपट कामाला उत्तम, पण हा लोगो पुन्हा बिटमॅपच्याच भरवशावर आहे हे विसरू नका.

ट्रेस केलेल्या पोताचं दुखणं म्हणजे नोड, आकाराच्या कडेवरचे बिंदू. बारीक दाण्यांचा पोत सहज लाखभर नोड करतो. मग फाइल उघडायला वेळ, मायनस फ्रंट अडकतं, प्रेसचा संगणक मान टाकतो. इलस्ट्रेटरच्या डॉक्युमेंट इन्फो पॅनलमध्ये ऑब्जेक्ट्स निवडलं की पॉइंटची संख्या दिसते. आमच्या मते पाच-सात हजारांच्या पुढे गेलात तर पोत लोगोसाठी फार बारीक आहे. सिम्प्लिफायने संख्या उतरते, पण दाणे गोल गुळगुळीत होऊन साबुदाण्यासारखे दिसायला लागतात. त्यापेक्षा मागे जाऊन नॉइज वाढवा आणि पुन्हा ट्रेस करा.

पोत सगळीकडे सारखा पसरला तर तो मीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. शटरवरचा रंग हात पडतो तिथे आणि खालच्या कडेला उडतो, मधला पट्टा शाबूत राहतो. झीज अशीच असते, म्हणून दोन-तीन ठिकाणी दाट, बाकी विरळ.

देवनागरीचं वेगळं प्रकरण

इंग्रजीतले बहुतेक धडे रोमन अक्षरांवर बेतलेले असतात, त्यामुळे पुढच्या गोष्टी त्यांत सापडत नाहीत. पहिली म्हणजे शिरोरेषा. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. आउटलाइन करून थेट कंपाउंड पाथ केला तर कधी कधी त्या चढलेल्या जागीच पांढरे चौकोन पडतात. पारदर्शकता वापरली असेल तर त्याच जागी गडद पट्ट्या. म्हणून आउटलाइननंतर आधी पाथफाइंडरमधलं युनाइट, म्हणजे कोरलमधलं वेल्ड, आणि मगच पोत. जोडाक्षरं तुटत असतील किंवा वेलांटी भलतीकडे जात असेल, तर ते टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन्स सुरू करून आउटलाइनच्या आधीच दुरुस्त करायचं. आउटलाइननंतर ती नुसती चित्रं असतात.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची : आपल्या लिपीत ठिपक्याला अर्थ आहे. रोमन अक्षरावर आलेला डाग हा डागच राहतो. शिरोरेषेच्या वर सुटलेला एक कण मात्र 'वडा'चा 'वंडा' करू शकतो. आणि उलट पोताने नेमका अनुस्वार खाल्ला की शर्टावर 'गोविदा' छापून येतं, तेही दोनशे नगांवर. म्हणून अनुस्वार, चंद्रकोर, रफार आणि ऱ्हस्व उकाराचं टोक यांवरचा पोत हाताने काढा. इलस्ट्रेटरमध्ये वजाबाकीच्या आधी पोताचे त्या जागचे तुकडे डायरेक्ट सिलेक्शनने निवडून पुसले की झालं. शब्द लगेच वाचायची सवय असल्यामुळे ही चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

बाहेरच्या कडाही जपून. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा तुटकपणावर उभा आहे. तिथेच पोताची भोकं पडली तर 'म'चा 'भ' वाचला जाऊ शकतो. पोत अक्षराच्या पोटात ठेवावा, शिरोरेषेला हात लावू नये.

एकच लोगो, तीन अंगं

२५० मिलिमीटरच्या शर्टावरचं अर्ध्या मिलिमीटरचं भोक २५ मिलिमीटरच्या कार्डावर ०.०५ मिलिमीटर होतं. ते बुजतं, किंवा छपाईतली घाण वाटते. त्यामुळे पोताचा लोगो एका फाइलने भागत नाही. मोठ्या मापासाठी पूर्ण पोत, मधल्यासाठी पाच-सहा मोठीच भोकं ठेवलेला, आणि छोट्यासाठी, म्हणजे कार्ड, शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी यांसाठी, अगदी कोरा आकार. गिऱ्हाईक मागत नसलं तरी तिन्ही फाइली द्या.

व्हिनाइल कटिंगला नेहमी कोरा आकारच. प्लॉटर प्रत्येक भोक खरोखर कापतो आणि ते भोक मग कुणीतरी चिमट्याने उपसायचं असतं. मिलिमीटरभराचे तुकडे आपोआप उचकटतात किंवा ट्रान्स्फर टेपला चिकटून जातात. टोपीवरच्या भरतकामालाही तसंच : साधा भरतकामाचा धागाच जवळपास ०.४ मिलिमीटर जाडीचा, तेव्हा एका मिलिमीटरखालचं काही त्यात उमटत नाही. तिथे पोत हवाच असेल तर तो टाक्यांच्या दिशेने आणायचा, भरतकामवाले त्याला तातामी भरणं म्हणतात.

फाइल देताना अक्षरं कर्व्ह (म्हणजे आउटलाइन) केलेली, वापरलाच असेल तर फोटो लिंक न ठेवता फाइलमध्येच एम्बेड केलेला, आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलेला लोगो दाबला जातो, आणि काही गाळ्यांवर त्यावरूनच पुन्हा ट्रेस करून छापतात. मग तुमच्या पोताच्या जागी ट्रेसचे गोळे येतात.

पाठवण्याआधी साध्या लेझर प्रिंटरवर प्रत्यक्ष मापात, शंभर टक्क्यांवर एक प्रिंट काढा. कागद भिंतीला लावून पाच पावलं मागे या. शब्द वाचता येतोय आणि पोत जाणवतोय तर फाइल तयार. पोत दिसतोय पण शब्द वाचायला थांबावं लागतंय, तर नॉइजचा आकडा ३६ वरून ६० करून पुन्हा ट्रेस करा.